तीनदा धुतलेली कॅन

जैबुनबी आज ते पाणी स्वतः किती प्याली असेल, हा विचार गझालाची पाठ सोडत नव्हता. सकाळी लेकीला, फरहाला, शाळेत सोडताना तिनं पाहिलं होतं. म्हातारी कपाशीवरच्या औषधाच्या रिकाम्या कॅननं पाणपोईचा रांजण भरत होती. लेबल खरवडलेलं, पण विषाचा लाल त्रिकोण दिसत होता. आणि फरहा रोज तिथंच पाणी प्यायची.

दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या रस्त्यावरची ही पाणपोई बावीस वर्षांची. जैबुनबीचा नवरा वाहिद जिनिंगमध्ये हमाल होता. तो गेला त्या उन्हाळ्यात जैबुनबीनं रांजण मांडला. गाडीवाले, हमाल, शाळेची पोरं, सगळ्यांना पाणी. परवा घागर गळायला लागली, म्हणून ही कॅन.

ते दोन हजार सतराचं साल होतं. फवारणी करता करता माणसं भोवळ येऊन पडत होती. त्या लाल त्रिकोणाचा अर्थ घरी आल्यावर उमगला, तशी गझाला दुपारीच तणतणत पाणपोईवर गेली.

"खाला, ही कॅन कुठून आणली?"

"खेत के धुऱ्यावर पडी थी. काहून?"

"जहराची आहे ती!"

"तीन बार धोयी मैंने, राख लगाके. पाक-साफ है."

गझालानं कॅन हिसकावली आणि नालीकडे भिरकावली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"बावीस साल में मेरे पानी को किसी ने नापाक नहीं बोला. चार किताबं शिकली तं मले शिकवते?"

"पाक असेल, खाला! पण जहर प्लास्टिकात मुरतं. विंचू तीनदा धुतला तर पदरात घेशील?"

जैबुनबीचा हात सैल पडला. ती रांजणाकडे वळली. मग तिनं दगड उचलला आणि एका घावात रांजण फोडला. पाणी रस्त्यावर पसरलं.

"साहब ने ये बात काहून नहीं बताई?" ती ओरडली. "मैं तो सामनेच बैठी थी!"

गझालाला मागच्या मंगळवारची सभा आठवली. मशिदीमागच्या हॉलमध्ये चाळीस म्हाताऱ्या. कृषी खात्याचे साहेब 'रिकाम्या आवेष्टनांची शास्त्रोक्त विल्हेवाट' यावर, म्हणजे अशाच कॅनवर, तासभर बोलले. ज्यांची मराठी भाजीबाजारापुरती, त्यांच्यापुढे! बायांनी मान डोलावली, चहा प्याला, फोटो निघाला. जैबुनबी हजेरीवर उर्दूत सही करायला लागली, तर कारकून म्हणाला, "हे कोण वाचणार, आजी? अंगठा द्या." लिहिता येणाऱ्या बाईचा अंगठा घेतला मेल्यानं! आणि झाली म्हणे जनजागृती.

"बाकीच्या जणी?" गझालानं विचारलं.

"सब के घर हाय अशी कॅन. कोई तेल रखती, कोई आटा." जैबुनबी खाली बसली. "सब तीन बार धोती."

गझालानं नालीकाठची कॅन उचलून तिच्या तोंडातला कागदाचा बोळा ओढून काढला. बूच हरवलं म्हणून कोंबलेला. उलगडला, तर सभेत वाटलेलं तेच मराठी पत्रक. वरचा मजकूर भिजून गेला होता, पण खाली साहेबांचा नंबर शाबूत होता.

"खाला, पुन्हा सभा घेतली तर तू बोलशील? आपल्या बोलीत?"

"बोलीन. विंचूवाली बात बताईन," म्हातारी म्हणाली. "पर अंगठा नहीं दूँगी."

गझालानं ओला कागद ओट्यावर सपाट केला, पर्समधून मोबाइल काढला आणि पहिला आकडा दाबला.