पडीक म्हणून बुडवलेली वस्ती

गाव टँकरच्या पाण्यावर जगत होतं आणि मी पडद्यावर पूर दाखवत होतो. धारूरच्या डोंगरातल्या आमच्याच ओढ्यावर सहकारी पाणी संस्था बंधारा बांधणार होती. पाणी कुठवर साचेल ते काढायचं काम माझ्याकडे आलं. मी संगणकात डोंगर आणि ओढा उभा केला, त्यावर जोराचा पाऊस पाडला. बंधाऱ्यामागे निळा रंग पसरू लागला.

पसरत पसरत तो थेट आमच्या वस्तीवर चढला. नकाशात वस्ती नव्हतीच. तिथे 'पडीक' लिहिलं होतं. मोजणीवाले दिवाळीनंतर आलेले, आणि तेव्हा आमची अख्खी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. चुली थंड, दारांना कुलपं. माणूस दिसलं नाही, लिहून टाकलं पडीक! माझी आईसुद्धा कोयता घेऊन तिकडेच होती.

बैठकीत संस्थेचे चेअरमन खूश झाले. "मशीन खोटं बोलत न्हाई. पडीकच बुडतंय. मंजूर करा."

"साहेब, ते पडीक न्हाई. माझी आई राहती तिथं. ऊसतोडीची टोळी भरायला तुमचाच ट्रक येतो की वस्तीवर."

"बघू की नंतर. पाऊस तरी कुठं पडायलाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे मी पडद्यावरचा बंधारा ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्तीच्याही वर सरकवला आणि पुन्हा पाऊस पाडला. वस्ती कोरडी राहिली. निळा रंग चेअरमनच्या मोसंबीच्या बागेत शिरला.

"मशीनचं काय खरं हाय," त्याच तोंडाने ते म्हणाले. सभासदांनी मान डोलावली आणि बंधारा पहिल्याच जागी मंजूर झाला. विरोधाला हात वर करायला वस्तीतलं कुणी गावात नव्हतं. त्या निर्लज्ज माना मला अजून दिसतात, आणि दिसल्या की जेवण गोड लागत नाही.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर आई परतली. तोवर ओढ्यात भिंत उभी राहिली होती. डोक्यावरचं बोचकं न उतरवताच तिने विचारलं, "पानी कुठवर यील?"

मी आमच्या दाराच्या कडीवर हात ठेवला.

ती कुलपाकडे बघत राहिली. "तुला दिसलं, मग त्यान्ला न्हाई दिसलं का रं?"

"दिसलं की, आई. दोनदा दाखवलं मी."