उजवीकडून वाचलेलं पान

मारामारीच्या चित्रकथांचा नाद मला चाळिशीनंतर लागला. या वयात लोकांना गुडघेदुखी लागते. बीदरजवळ नौबादच्या घरात माझ्या गादीखाली तलवारी, उडते गुरू, एका फटक्यात डोंगर फोडणारे म्हातारे असा सगळा जपानी मुलूख दडलेला असायचा. मोठ्या माणसांसाठीची पुस्तकं ती. रक्त भरपूर, दगाबाजी त्याहून भरपूर. हैदराबादला गेलो की फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून उचलून आणायचो आणि बायकोला सांगायचो, ऑफिसची मॅन्युअलं आहेत.

त्यातलं एक जाडजूड पुस्तक फार लाडकं. त्याचा नायक पहिल्या पानावरच मरतो, मग हळूहळू तरुण होत जातो आणि शेवटच्या पानावर आईच्या कडेवर बसलेला असतो. “काय खोल तत्त्वज्ञान!” असं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगायचो. “आपल्याकडं पुनर्जन्म, यांच्याकडं उलटा जन्म.” हातातला घास थांबवून लोक माना डोलवायचे. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडं वाचायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतलं इंग्रजी एकमेकांशी जुळत नव्हतं खरं. पण इंग्रजी मला एरवीही जुळत नाही.

त्या पुस्तकातलं एक पान आपोआप उघडायचं, इतक्यांदा मी ते पाहिलेलं. ओळीत तीन चित्रं होती. पहिल्यात पुराच्या पाण्यात एकटा शिष्य, दुसऱ्यात खडकावरून पुढं आलेला गुरूचा हात, तिसऱ्यात हातात हात. ते पान बघितलं की मला बरं वाटायचं. कामून वाटायचं, ते मी स्वतःला विचारत नव्हतो.

मग अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, मुडबी गावचे. वय पंच्याऐंशीच्या पुढं. बीदरला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवस आमच्याकडं मुक्काम पडला. पट्टी निघाल्यावर म्हाताऱ्याला जग नव्यानं दिसायला लागलं. भिंतीवरचं कॅलेंडर, सुनेचे पिकलेले केस, माझी ढेरी, सगळ्यावर शेरे झाले. एका सकाळी अंगणात बसले असताना त्यांच्या हाती माझं पुस्तक लागलं. अप्पांची पहिली अक्षरं उर्दू, निजामाच्या वेळच्या शाळेतली. त्यांनी ते सहज उजव्या बाजूनं उघडलं आणि तासभर बोट फिरवत एकेक चित्र बघत राहिले.

“हे उर्दूवानी हाय की रे,” ते म्हणाले. “हे बघ, मागल्या पानावर गुरू बुडायलाय. हा पोरगा उडी मारला. गुरूला वर ढकलला. आता गुरू खडकावर, पोरगा पाण्यात. हात धरलाय.” बोट डावीकडं सरकलं. “सोडला बघ, हरामखोर.”

“अप्पा, उलटं बघायलाव तुम्ही. गुरू त्याला वाचवायलाय.”

“उलटं कसं? आधी धरलेला हात, मग सुटलेला हात, मग एकटं पोरगं. वाचवायलाय म्हणं! शिकून साहेब झालास, एक पुस्तक सरळ धरता येईना तुला.”

मी हसायला गेलो. मग ते पान मी उजवीकडून बघितलं.

अप्पांचा एकुलता मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, मी त्याला अण्णा म्हणायचो. मी बावीस वर्षांचा असताना तो शेतातल्या विहिरीत गेला. गावात चालत आलेली गोष्ट अशी: तो बुडताना मला दिसला, मी जिवाची पर्वा न करता उडी मारली, पण हात सुटला. गोष्ट मीच सांगितलेली. माझे ओले कपडे साक्षीला होते. पंधरा ऑगस्टला शाळेत मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ मी खाल्ला. गोड होता.

खरं असं की बुडत मी होतो. पोहता येतं अशी फुशारकी मारून उतरलो आणि मधोमध गेल्यावर हातपाय विसरलो. अण्णा माशासारखा पोहायचा. त्यानं उडी मारली. मी त्याच्या गळ्याला मिठी घातली, त्याला दोनदा खाली नेलं. तरी त्यानं मला पायरीवर ढकललं. मग त्याच्यात काही उरलं नाही. मी त्याचं मनगट धरलं. पायरीवर शेवाळ होतं. माझा पाय सरकला आणि मी हात सोडला. सुटला नाही, सोडला. तेव्हापासून आजतागायत अंघोळीच्या बादलीत हात घातला की पाण्याखालून कुणीतरी माझं मनगट धरतं. म्हणून मी नळाखाली अंघोळ करतो. बायकोला वाटतं, मी आळशी आहे.

हे सगळं मी अप्पांना अंगणात सांगितलं. एरवी मी सांगायला लागलो की हातवारे होतात, आवाज बदलतो. त्या दिवशी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. थोबाडीत बसेल म्हणून गाल तयार ठेवला होता.

अप्पा माझ्याकडं सरकून बसले. मग म्हणाले, “उडी तो मारला? तुला काढायला?”

“व्हय, अप्पा.”

“जीव द्यायला न्हाई?”

मला काही कळेना.

“त्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणलो हुतो,” अप्पा म्हणाले. “नांगरट सोडून परीक्षेचे फॉर्म भरायलास, जा, हिरीत जीव दे. दुपारी हे झालं. एवढा पोहणारा पोरगा कसा बुडंल? मी समजून गेलो. तुझी काकू बी समजून गेली. तवापासून ती माझ्या ताटाजवळ बसली न्हाई.”

शालीसाठी मी एक खोटं बोललो होतो. त्याचं ओझं कुणाच्या घरात पडलं होतं, ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

अप्पा उठले. “चल. तिला सांग. मला सांगितलास तसंच. एक शब्द बी गोड करू नको.”

आम्ही लगेच बस धरली. मुडबीला पोचलो तेव्हा काकू ओसरीवर सुपात तूर पाखडत होती. मी समोर बसून सांगितलं. मिठी, शेवाळ, मनगट, सगळं. सूप थांबलं. अप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. काकूनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि बसायला पाट पुढं सरकवला. मग माझ्याकडं वळली.

“जाताना काय बोलला का रे?”

माझ्याकडं वाक्यं तयार होती. अवघा जन्म त्यातच गेला आहे. अण्णा आईला अव्वा म्हणायचा. “‘अव्वा’ म्हणाला,” एवढे दोन शब्द पुरले असते. तिचं तोंड थोडं उघडं होतं, तहानलेल्या माणसाचं असतं तसं.

“न्हाई, काकू. तोंडात पाणी हुतं.”

“काहीच न्हाई?”

“काहीच न्हाई.”

तिनं मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. आत्ता हे लिहितानाही ते दोन शब्द माझ्या जिभेवर आहेत.