बापापेक्षा एक जास्त

मानसशास्त्राच्या एमएला असताना सुखाची पाहणी करायला मी माझंच गाव धरलं, बोरी बुद्रुक. पहिला प्रश्न सोपा होता: एक ते दहामध्ये तुम्ही किती सुखी आहात?

चुलत्यांनी कांद्याच्या वाफ्यातून मान वर केली. "तुज्या बापानं किती सांगितलं?"

बांधाच्या अलीकडे चुलते, पलीकडे माझे वडील. त्या बांधावरूनच दोघांचं बोलणं बंद होतं.

मी ऐटीत म्हणाले, "तात्या, दुसऱ्याचं उत्तर सांगायचं नसतं. शास्त्राचा नियम आहे."

"नको सांगू. त्याच्यापरीस एक जास्त लिव्ह."

पुढचा प्रश्न काळजीचा होता. म्हटलं, इथं तरी एक कमी सांगतील.

"ती बी एकानं जास्तच लिव्ह. त्याला कसली आलीय काळजी!"

पुण्यात हा किस्सा ऐकून सर पोट धरून हसले. म्हणाले, "तुलनेशिवाय माणसाला स्वतःचं काही सांगताच येत नाही बघ." आणि मला दहापैकी आठ गुण दिले.

मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे बोट केलं. "हिला किती दिलेत, सर?"