मुनशीजींनी सोडलेला विषय

अब्दुल गफ्फार मुनशींचा अंगरखा हा आमच्या वर्गातला सगळ्यात स्वच्छ कपडा होता. अकोल्यात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली की माणसाच्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या होत, पण मुनशीजी यायचे ते नुकतेच नमाजाहून उठल्यासारखे, नीटनेटके. त्यांची बायको रहिमाबी तो अंगरखा रोज धुवायची आणि रोज बोलायची, "लिवाले जाता का लगनाले?" मुनशीजी हसून टाकायचे. त्यांना फारसीचा अभिमान होता, अंगरख्याचा होता आणि बायकोच्या जिभेचाही थोडा असावा.

ते दिवस अमेरिकेतल्या लढाईचे. तिकडे माणसं मरत होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. भुसावळकडून रेल्वेची सडक पुढे सरकत होती, आणि ज्याला दोन अक्षरं लिहिता येत तो अमरावतीच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या गादीवर जाऊन बसत होता. याच सुमारास सरकारनं शेतांची मोजणी काढली. शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची आणि त्यावर सारा बांधायचा, तोही एकदम तीस वर्षांसाठी. हे काम करणारे कारकून तयार करायला अकोल्यात एक वर्ग उघडला. वर्ग म्हटलं म्हणून पोरंटोरं समजू नका. शाळा पुरी केलेली, मिशीला पीळ देणारी माणसं होती ती. मी, रामराव, त्यांना गणित शिकवायचा. मुनशीजी फारसी शिकवायचे, कारण निजामाच्या अमलातल्या सगळ्या सनदा आणि इनामपत्रं त्या भाषेत. आणि माती शिकवायचे खुशालराव.

हे खुशालराव बार्शीटाकळीकडचे कुणबी. अंगानं दणकट, बोलायला त्याहून दणकट. मी घाटावरचा, पहिले काही महिने मला वाटायचं की हा गृहस्थ माझ्याशी भांडतोय. पुढं कळलं की ते त्यांचं साधं बोलणं होतं. मुनशीजींशी मात्र त्यांचं खरंच वाकडं होतं. एकदा भर वर्गात खुशालराव म्हणाले होते, "फारसीनं वावर नाही नांगरल्या जात." मुनशीजींनी ते मनाला लावून घेतलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. एकाच छपराखाली शिकवायचे, एकाच माठातून पाणी घेणं तर त्या काळी नव्हतंच, पण आता नजरही एकमेकांना देईनात.

अशात मोजणीचा साहेब आला आणि म्हणाला, दोन वर्षं शिकवायला वेळ नाही, एकच वर्ष मिळेल. सगळ्यांना सक्तीचे विषय तीन. साखळीनं मोजणं तो स्वतः शिकवी, ते तर राहणारच. बाकी दोन कोणते ते तुम्ही तिघांनी ठरवा आणि एका कागदावर सह्या करून आणा. उरेल तो विषय ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आणि जाता जाता, जणू काही विशेष नाही अशा सुरात, त्यानं पुढचं सांगितलं: सक्तीच्या विषयाच्या मास्तराला कायमची नेमणूक, मर्जीच्या विषयाच्या मास्तराला शिकणारे येतील तेवढ्यापुरतं मानधन. म्हणजे तिघांतल्या एकाचं पोट जाणार होतं, आणि कोणाचं ते आम्हीच लिहून द्यायचं होतं.

मग काय विचारता! पहिल्याच बैठकीत प्रत्येकानं आपापल्या विषयाची आरती ओवाळली. मी म्हटलं, गुणाकार न येणारा माणूस क्षेत्रफळ काढणार कसं? हे माझं मत आजही बदललेलं नाही. मुनशीजींनी खोट्या सनदांवर असं काही भाषण केलं की बाहेर उभा असलेला शिपाईसुद्धा मान डोलावू लागला. खुशालराव एवढंच म्हणाले, "मी काय सांगू? माती पाहून घ्या." आणि तंबाखू मळत बसले.

खरं सांगायचं तर निकाल ठरलेलाच होता. आम्ही दोघं अक्षरवाले, ते एकटे चिखलवाले. शिकणाऱ्यांनाही माती नकोच होती. शाळा शिकून कुदळ कोण धरणार? शिवाय कापसाच्या त्या तेजीत वऱ्हाडातली सगळीच माती चांगली वाटत होती. माती सुटणार, हे आम्ही दोघांनी मनातल्या मनात करून टाकलं होतं. फक्त कागद व्हायचा राहिला होता.

मधेच बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या एका गावाला आमची फेरी निघाली. गोदाबाई नावाच्या एका विधवा बाईचं निम्म्या साऱ्याच्या इनामातलं शेत होतं. तिची सनद वाचायला मुनशीजी, क्षेत्रफळ ताडून पाहायला मी, आणि सरावासाठी मातीची प्रत लिहायला आमचा पुंजाराम. हा पुंजाराम मुनशीजींचा लाडका. फारसी अशी वाचायचा की डोळे मिटले तर हैदराबादेत बसल्यासारखं वाटावं. खुशालराव बरोबर नव्हते. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

शेतात कमरेएवढी पराटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी होती, बोंडांनी वाकलेली. पुंजारामनं बांधावरून एक नजर टाकली आणि लिहिलं: काळी माती, पहिली प्रत. गोदाबाईनं विचारलं, काय लिवलं? त्यानं सांगितलं. बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पराटी पाहून माती लिवली? मंग गळ्यातले दागिने पाहून बाईचं वय सांगसान का, भाऊ?"

मला हसू आलं. मुनशीजीही हसले. पण ती हसत नव्हती. म्हणाली, "हे वावर गेल्या साली मोडलं म्या. आंदी गुरं चरत होती येथी. नव्या मोडीत पहिली दोन सालं पीक येतेच, पुढं काय? हा कापूस काय तीस वर्सं असाच रायते? सारा त तीस वर्सं भरा लागन."

मुनशीजींनी इकडेतिकडे पाहिलं. बांधावर तिची कुदळ पडली होती. त्यांनी ती उचलली, पराटीच्या ओळीतून शेताच्या मधोमध गेले आणि त्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यानिशी खणायला लागले. मी आयुष्यात इतकं वाईट खणणं पाहिलेलं नाही. दोनदा कुदळ स्वतःच्या पायावर येता येता वाचली. वरची माती काळीभोर निघाली, मऊ, पण वीतभर. मग खण्णकन आवाज आला आणि खाली मुरूम लागला.

मुनशीजी खड्ड्यात पाहत राहिले. मग पुंजारामकडे वळून म्हणाले, "तुनं खणून काहून नाही पाह्यलं रे?"

"माती पुढच्या सालात आहे न जी, मुनशीजी," पुंजाराम म्हणाला. "अन् आता त पुढचं सालच नाही. ते निघूनच चालली म्हंतात."

बोलण्यात त्याची काही चूक नव्हती. मुनशीजींनी त्याच्या हातचं पान घेतलं, 'पहिली प्रत' खोडलं, आणि शेजारी काय लिहावं ते त्यांना येईना. कोणती प्रत, दुसरी की चौथी, आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. शेवटी 'पुन्हा पाहावे' असं लिहून आम्ही निघालो. परतताना बैलांच्या दमणीत मुनशीजी नखांतली माती काढत बसले. घरी रहिमाबीनं अंगरखा पाहून काय तोफ डागली असेल ती तिची तिलाच माहीत.

दुसरी बैठक त्याच छपरात, भर दुपारी. मी बोरू तासून तयार होतो. मुनशीजी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "पंत, लिवा. गणित अन् माती."

मला वाटलं माझे कान गेले. खुशालराव तर एकदम लालबुंद झाले. इतक्या महिन्यांनी ते मुनशीजींशी पहिल्यांदा बोलले ते असं: "मुनशीजी, माही थट्टा करून राहिले का?"

"नाही जी," मुनशीजी म्हणाले. "म्या इचार केला. सनद वाचता नाही आली त कारकून ते कागद कचेरीत आणन, मले दाखवन, नाहीत दुसऱ्या कोनाले. सनद थांबते. तालुक्यात एक फारसीवाला असला तरी भागते. पन वावरात जो उभा हाय त्यालेच पाहा लागते. तो चुकला त त्याच्या मांगे कोनी नाही. ज्याले दुसऱ्याची मदत भेटत नाही, ते सगळ्याले यायलेच पायजे. बस, एवढंच."

मी त्यानंतर पुष्कळ शाळा पाहिल्या, पुष्कळ बैठकांना बसलो. काय शिकवलंच पाहिजे आणि काय नाही शिकवलं तरी चालेल, यावर विद्वानांना तासन्‌तास भांडताना ऐकलं. इतकं सरळ कोणी बोललेलं मला आठवत नाही. आणि बोलणारा माणूस आपलीच भाकर ताटातून काढून देत होता, हे त्या विद्वानांत कुठे दिसायचं?

मी म्हटलं, "मुनशीजी, घरी विचारलंत का?" ते म्हणाले, "इचारलं असतं त तुमाले येथी दिसलो नसतो." मग त्यांनी पहिली सही केली, सुंदर वळणदार फारसीत.

साहेबानं कागद वाचला, मुनशीजींकडे पाहिलं, दोनदा विचारलं की समजून केलंत ना. त्या साली मर्जीची फारसी शिकायला एकही माणूस आला नाही. पुंजारामसुद्धा नाही, त्याला अमरावतीच्या एका गादीवर जागा मिळाली. मुनशीजींनाही तिथून बोलावणं होतं, चांगल्या पगाराचं. ते गेले नाहीत. एका सकाळी माझ्या वर्गात शिरलो तो मुनशीजी शेवटच्या ओळीत, पाटी घेऊन बसलेले! मला घाम फुटला. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हणाले, "सगळ्याले सक्तीचं म्हनून म्या सही केली, अन् मलेच ते येत नाही. हे बरं दिसते का, पंत?"

ही एक गोष्ट. दुसरी ही की मातीत पास झालं तर प्रतवारीच्या कारकुनाची जागा मिळणार होती. तोवर घरात एक पै येत नव्हती. रहिमाबी शेजारणींबरोबर कापसातून सरकी काढायला बसली. भेटली की मला ऐकवायची, "तुमच्या मुनशीजीले सांगा, शिकून झालं असन त कमवा." पण अंगरखा रोज धुतलेलाच असायचा. फरक इतकाच की आता तो संध्याकाळी मातीनं भरून यायचा, आणि ती त्यावर एक शब्द बोलायची नाही.

खुशालराव आणि मुनशीजी यांचं त्या वर्षात जे जमलं ते पाहण्यासारखं होतं. मुनशीजी त्यांना मुद्दाम सगळ्यांसमोर 'गुरुजी' म्हणायचे आणि खुशालराव वैतागायचे. ओल्या मातीची गोळी वळायची, तिची दोरी किती लांब होते ते पाहायचं, ढेकूळ फोडून चुनखडी शोधायची. मुनशीजींची बोटं बोरूला सरावलेली, त्यांना हे काही केल्या जमेना. खुशालराव तास संपल्यावर त्यांना वेगळं घेऊन बसायचे. ज्या माणसामुळे आपली नेमणूक टिकली त्याला काय देऊ आणि काय नको, असं त्यांना झालं होतं.

होळीच्या आधी परीक्षा आली. मूर्तिजापूरच्या बाजूला एक उतरतं शेत होतं. प्रत्येकानं खड्डा घ्यायचा, माती पाहायची, प्रत लिहायची. मुनशीजींनी खड्डा घेतला तो खालच्या बांधाशी, जिथं पावसानं वरची माती वाहून येऊन साचते. तिथं खोल काळी लागणारच. त्यांनी त्यावरून सगळ्या शेताला वरची प्रत लिहिली. घाबरले असतील, दमले असतील. गोदाबाईच्या शेतात मधोमध जाऊन खणणारा हाच माणूस.

रात्री मुक्कामावर मी खुशालरावांना म्हटलं, "अहो, एकाच खड्ड्याची चूक आहे. रहिमाबी सरकी काढते आहे. तुम्ही आज मास्तर आहात ते कोणामुळे?" ते जेवले नाहीत. मला वाटलं, माझं काम झालं.

दुसऱ्या दिवशी छपरात निकाल वाचला. खुशालराव अडखळत वाचणारे, पण त्या दिवशी जरा जास्तच अडखळले. मुनशींच्या नावाशी आले आणि थांबले. मग मान न उचलता म्हणाले, "अब्दुल गफ्फार. माती. नापास."

मला खुशालरावांचा असा राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. खुशालरावांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मुनशीजी शेवटच्या ओळीतून उठले. सावकाश पुढं आले, आपल्या अंगरख्याच्या टोकानं त्यांनी खुशालरावांचे डोळे टिपले, आणि म्हणाले,

"रडता काहून, गुरुजी? आज तुमी मले पास केलं असतं, त म्या सोडलेली फारसी फुकट गेली असती."

पुढच्या हंगामात ते पुन्हा पाटी घेऊन त्याच ओळीत येऊन बसले, आणि त्या वर्षी पास झाले.