जानराव ड्रेसरांनी आधी मला विचारलं होतं

अमरावतीला मोरोपंत डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि जानराव ड्रेसर. मी मिक्श्चरच्या बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायचो, ते जखमा धुवायचे. चिघळलेला पाय समोर आला की मी तोंड फिरवायचो. जानराव स्टूल ओढून बसायचे आणि "दुखलं त सांगजो, बाप्पा" म्हणत तासभर त्या पायाशी झटायचे. त्यांचा हात हलका होता. माझी फक्त जीभ हलकी होती. चार माणसं हसली की माझं पोट भरायचं, आणि या जिभेनं मी एका माणसाचं वाटोळं केलं.

छप्पन साली दसऱ्याला जानराव आणि त्यांची बायको सुंदराबाई नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आले. घरातले देव त्यांनी नदीत सोडले. दुसऱ्या दिवशी पांढराशुभ्र सदरा घालून ते कामावर आले तेव्हा चालसुद्धा बदललेली वाटली. कुणी जुन्या सवयीनं "ए जान्या" म्हटलं तर ते वळत नसत. "जानराव" म्हटलं की लगेच हजर. मला ते आवडलं होतं, हेही सांगून ठेवतो.

अठ्ठावन्न साली डॉक्टरांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की सुंता झालेल्या पुरुषांना त्या जागेचा कॅन्सर जवळपास होतच नाही. झालं! येईल त्याला ते हेच सांगू लागले. शेजारचे खुशालराव वकील रोज पेपर वाचायला यायचे, ते उसळले. "डॉक्टर, साऱ्या वऱ्हाडाची सुंता करता का आता? साबण-पाणी मेलं का? अवयव झाकला आहे तो देवानं, काही विचार करूनच झाकला असन!"

"साबण-पाणी पुरतं," डॉक्टर म्हणाले. "पण ज्याची कातडी मागंच सरत नाही, त्यानं धुवावं कसं?"

बाकावर दोन मुसलमान पेशंट बसले होते, ते खाली मान घालून चपला बघत राहिले. जानराव कोपऱ्यात कापसाचे बोळे करत होते. ते एकदम बोलले, "वकीलसाहेब, आमची आंगोळ विहिरीवर, चारचौघात, धोतर नेसून. आत कोन धुते?" वकिलांनी पेपर उघडला. वकील चूक नव्हते, डॉक्टरही नव्हते. पण दोघांच्याही घरी दाराला कडी असलेलं न्हाणीघर होतं.

त्यानंतर आठवड्यानं, दुपारी दवाखाना रिकामा असताना जानराव माझ्याजवळ आले. हात पुसत होते, कोरडे झाले तरी पुसत होते.

"बंडूभाऊ, वलगावचा एक मानूस हाय. त्याची कातडी चिकटेल हाय. आतून पानी येते, वास येते. डॉक्टर मनतात तसं कापून घेतलं, त लोकाईले समजते काय?"

मी काय म्हणालो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "समजलं तर समजलं! तुमच्या लोकांनी आत्ताच एकदा धर्म बदलला, आता दुसऱ्यांदा काय जड आहे?"

आणि मी हसलो. जानरावही थोडे हसले. "सांगतो त्याले," म्हणाले आणि बोळ्यांचा डबा उचलून आत गेले.

पोहणाऱ्यालाही भोवरा खाली ओढतो, तसं ते वाक्य होतं. दोन वर्षांपूर्वी ज्या गोष्टीनं त्या माणसाची मान वर झाली, तिचीच मी टिंगल केली होती. सुंता झाल्याचं वस्तीत कळलं तर लोक म्हणतील, याचा कशावरच भरवसा नाही, आज हा तर उद्या तो. ही भीती त्यांना आधीपासून होती, मी तिच्यावर शिक्का मारला. आणि दुसऱ्याच्या जखमा धुणाऱ्या त्या माणसानं स्वतःची जखम दवाखान्यातलंच लाल औषध चोरून लावत तीन वर्षं लपवली. सुंदराबाईंनाही कळू दिलं नाही. त्यांना वाटलं, नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलं.

एकसष्ट साली ते दवाखान्यातच भोवळ येऊन पडले. डॉक्टरांनी जानरावांचं धोतर सोडून पाहिलं आणि तिथंच खाली बसले. मग नागपूरला ऑपरेशन झालं. कॅन्सर पसरला होता; कातडीवर भागलं नाही, सगळंच काढावं लागलं.

चार महिन्यांनी जानराव कामावर परत आले. पांढरा सदरा तोच, आत माणूस अर्धा. मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. माफी मागायची म्हणून रोज ठरवायचो आणि रोज बाटल्या पुसत बसायचो.

त्याच उन्हाळ्यात भातकुलीचा पुंजाराम आला. महिन्यावर लग्न, आणि तक्रार तीच. डॉक्टरांनी समजावलं, रागावले, हात जोडले. पोरगा एकच धरून बसला, "नाई साहेब. लोक मले मुसलमान मनतीन. नवरीकडचे परत जातीन."

जानराव उठले. "चाल माह्यासंगं," म्हणाले आणि त्याला पडद्यामागं घेऊन गेले.  आतून फक्त धोतराची सळसळ ऐकू आली आणि मग पुंजाराम मोठ्यानं "अरे देवा" म्हणाला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "करा साहेब, आजच करा," म्हणाला.

जानराव निऱ्या खोचत मागून आले आणि हात धुवायला लागले. मला राहवेना. मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, "जानराव, तो वलगावचा माणूस... मला त्या दिवशी कळलं असतं तर..." 

त्यांनी हात पुसले, या वेळी एकदाच.

"डॉक्टर मोठा मानूस, बंडूभाऊ. त्याईच्यासमोर जीभ उचलत नोती. म्हनून म्या आधी तुमाले इचारलं," ते म्हणाले. "तुमी आपले वाटले."

मग त्यांनी पुंजारामसाठी स्वच्छ चादर काढली आणि टेबलावर अंथरली.