नलूमावशीची तीन थरांची वडी

आईचा फोन आला तेव्हा मी पावसला मैत्रिणीकडे होते. आई म्हणाली, "नलूमावशी गेली गो." आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "काकांनी काय केलं?" रडूबिडू सगळं नंतर. आई म्हणाली, "काही नाही केलं. झोपेत अटॅक आला." महिना झाला, तरी मला तो प्रश्न बरोबरच वाटतो, म्हणून लिहितेय.

मावशीचं घर हातखंब्याला, हायवेला लागून. ती चॉकलेटची वडी करायची, भट्टीबिट्टी काही नाही, नुसती फ्रीजमध्ये. खाली बिस्किटांचा चुरा, खोबरं नि लोणी दाबून बसवलेलं, मध्ये कस्टर्ड, वर चॉकलेट. बोटीवर कुक असलेल्या तिच्या नवऱ्यानेच, म्हणजे काकांनी, तिला शिकवलेली. पण दुकानांतून मागणी यायला लागली ती मावशीच्या नावाने, आणि तिथेच काकांचं डोकं फिरलं. सुट्टीवर आले की मारायचे. चुरा जाड राहिला म्हणून पट्ट्याने. खोबरं जास्त पडलं म्हणून थोबाडीत, एकदा कानातून रक्त येईपर्यंत. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि बशीत वडी आली की आम्ही खायचो. हेपण लिहायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला होते, काकाही सुट्टीवर आलेले. लाईट गेलेली, फ्रीज बंद, कस्टर्ड घट्ट होईना. मावशी म्हणाली, "थांबायचं. मऊ थरावर गरम चॉकलेट ओतलं की सगळा चिखल."

"मला शिकवतेस? चाळीस माणसांना रांधून घातलंय मी बोटीवर." काकांनी ओतलंच. झाला चिखल. मग तोच ट्रे उचलून त्यांनी तिच्या कपाळावर हाणला. रक्त, कस्टर्ड, चॉकलेट सगळं एकत्र तिच्या गळ्यापर्यंत… मी किंचाळतेय, आणि ती गप ओट्याकडे वळली. तिथे आदल्या दिवशीची वडी कापायला सुरी उकळत्या पाण्यात ठेवलेली, कारण थंड सुरीने चॉकलेट तडकतं. तिने ती काढली, फडक्याला पुसली आणि काकांच्या दंडावर पातं सपाट ठेवून दाबली. ते ओरडून मागे सरकले.

"हे नुसतं पातं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी धार. माझ्या स्वयंपाकघराचा उंबरठा परत ओलांडायचा नाही, मेल्या."

मग मला म्हणते, "बघत काय राहिलीस गो? डबे पूस. पाचला द्यायचेत." तिला सहा टाके पडले, तेही संध्याकाळी.

त्यानंतर तिला मार बसला नाही. मारायचं तर आत यायला हवं, आणि ती आतच राहायची, झोपायचीसुद्धा ओट्यापाशी चटई टाकून. मला तेव्हा वाटलेलं, जिंकली मावशी… आता वाटतं, आख्ख्या घरातली एकच खोली मिळाली तिला. गेली तीही त्याच चटईवर.

परवा मी तिकडे भांडी आवरायला गेले होते. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "पाणी दे गो."

माठ त्यांच्यापासून दोन पावलांवर. मी म्हटलं, "आत येऊन घ्या की." त्यांनी ओट्याकडे बघितलं. हात आपोआप दंडावर गेला, चटका बसलेला तिथेच. "नको… तूच दे."

मी जागची हलले नाही. ते तसेच तहानलेले खुर्चीत जाऊन बसले.