मनोऱ्याची गावाकडची बाजू

आमच्या ऑफिसात तिला सगळे तोफबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं. एकदा चहावाल्याच्या तोंडून चुकून निघून गेलं, तेव्हा ती म्हणाली, "तोफ आहे ना, मग कप जरा लांब ठेव."

शिक्षणाने ती वास्तुरचनाकार. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. भाऊ-भावजयीकडे मागच्या खोलीत राही. त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती शेजारच्या इमारतीच्या जिन्यासमोर. येणारा-जाणारा आत डोकावतो म्हणून तिने काचेवर रद्दीतले नकाशे चिकटवून टाकले होते. भावजय म्हणे, "वन्सं, नकाशे लावून उजेड गेला की." ही म्हणे, "उजेड गेला, पण माना डोकवायच्या थांबल्या."

कामाची तिची एक रीत होती. इमारतीत माणूस जितक्या उंचीवर उभा राहणार, तितक्या उंचीवर स्वतः चढून पाहिल्याशिवाय ती कागदावर रेघ ओढत नसे. त्यासाठी ठेकेदाराकडून बांबूची परांची बांधून घेई. साहेबांना ही खर्चिक खोड वाटे. मी तिथला हिशेब पाहत असे, त्यामुळे परांचीचं बिल आलं की पहिली कुरकुर मलाच ऐकावी लागे.

पर्यटन खात्याने आम्हाला एक मनोरा करायला दिला. एका बाजूला तलाव, पलीकडे गवताळ माळ, त्यावर पक्ष्यांचे थवे. बाहेरच्या लोकांनी वर चढून ते पाहावं, एवढी साधी मागणी होती. मनोरा ज्यावर उभा राहायचा त्या टेकाडाच्या दुसऱ्या अंगाला एक गाव होतं. त्याच्या घरांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठी टेकाडाकडे.

चूक आमच्याच ऑफिसची. नकाशा वरून काढलेल्या फोटोंवरून तयार केला होता. छप्पर दिसलं ते घर, छप्पर नाही ती रिकामी जागा. त्या हिशेबाने सगळ्या परसांवर 'रिकामी जागा' असं लिहिलं गेलं आणि साहेबांनी मनोऱ्याची जागा त्या भरवशावर पक्की केली.

तोफबाई परांचीवर चढली आणि तिने खाली पाहिलं. एका परसात एक बाई केस धूत होती. पलीकडे खाटेवर एका म्हाताऱ्याचं अंग कोणी पुसत होतं. बाईने वर पाहिलं, ओले केस तसेच पदरात गुंडाळले आणि आत गेली. तोफबाई उतरली ती थेट त्या घरी.

"ताई, तुम्ही किती दिवस बसणार वर?" बाईने विचारलं.

"मी नाही. लोक येतील बघायला."

"किती दिवस?"

"कायमचे."

"मग मी न्हायला जाऊ कुठे? तलावावर? तोही त्यांना बघायचाच असेल."

तोफबाई ऑफिसात परत आली तेव्हा तिने पिशवी टेबलावर आपटली. मग ती मनोऱ्याचं चित्र नव्याने काढायला बसली. जिना गावाकडच्या अंगाला घेतला, त्याच्यावर सलग भिंत चढवली आणि वरचा सज्जा उरलेल्या तीन बाजूंना उघडा ठेवला. मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण त्या चित्रात तलाव जास्त जवळ आल्यासारखा वाटे.

खात्याच्या अधिकाऱ्याने चित्र पाहिलं आणि बोटाने भिंत पुसल्यासारखं केलं. "मनोरा म्हटलं की चहूबाजूंनी दिसायला हवं. आणि गावही बघण्यासारखंच आहे. शहरातल्या लोकांना असं जगणं कुठे बघायला मिळतं?"

"तुमचा पत्ता सांगा," तोफबाई म्हणाली. "तुमच्या न्हाणीघरासमोर एक मनोरा उभा करते. शहरातलं जगणं तरी गावातल्यांना कुठे बघायला मिळतं?"

साहेब घाईने मध्ये पडले. "अहो, जरा सबुरीनं. आपण तिथे वेल सोडू. हिरवं, छान दिसेल."

"वेल वर चढेपर्यंत त्या बाईने पारोसं राहायचं का? सबुरी तिनं धरायची की मी?"

"तुम्ही," साहेब म्हणाले, आणि काम तिच्याकडून काढून घेतलं. भिंत खोडली, स्वतः सही केली. मनोरा चारी बाजूंनी उघडा उभा राहिला.

उद्घाटनानंतर थोड्याच आठवड्यांत अधिकाऱ्याचा फोन आला. गावकऱ्यांनी परसांभोवती उंच पत्रे ठोकले होते. ते उन्हात चकाकतात, पाहुण्यांचे फोटो बिघडतात. पत्रे झाकतील अशी काहीतरी कलात्मक आडोशाची रचना करून द्या. साहेबांनी कसनुसं हसत ते तोफबाईला सांगितलं. मला वाटलं आता छप्पर उडणार. ती फक्त म्हणाली, "करते. पण जागेवर बसून ठरवू. तुम्ही आणि ते अधिकारी, दोघांनीही यायचं."

ठेकेदाराचं शेवटचं बिल तपासायचं होतं म्हणून मीही गाडीत होतो. तिने आम्हाला त्या बाईच्याच परसात नेलं. बाईने पत्र्याचा एक तुकडा बाजूला सारला आणि खुर्च्या मांडल्या. वर पाहुण्यांची गर्दी होती. आम्ही बसलो तशी कठड्यावरची डोकी इकडे वळली. कोणी हात हलवला, कोणी मोबाइल रोखला. एक जण मोठ्याने म्हणाला, "तो जाडा बघ." साहेबांनी पोट आत घेतलं. अधिकारी दोन वाक्यं बोलला, अडखळला, मग उठला आणि खुर्ची फिरवून मनोऱ्याकडे पाठ करून बसला.

"का हो?" तोफबाईने विचारलं. "बघण्यासारखंच आहात की तुम्ही."

"बाई, तुम्ही मर्यादा सोडताय."

"मर्यादा तुम्ही खोडलीत. साहेबांच्या सहीने. आता पाच मिनिटांत पाठ फिरवलीत. यांनी कुठे फिरवायची? घर उचलून?"

अधिकारी जमिनीकडे बघून म्हणाला, "बघू काय करता येईल ते."

"बघून झालं," ती म्हणाली. बाहेर तिने बोलावलेला सुतार ताडपत्री घेऊन उभा होता. तिने त्याला वर पाठवलं. गावाकडची बाजू आमच्या डोळ्यांदेखत झाकली गेली, वरचे लोक कुरकुरत तलावाकडे वळले. दोघांपैकी कोणीही तिला थांबवलं नाही.

परसातली बाई मान वर करून बघत होती. "वाऱ्याने उडेल हे," ती म्हणाली. "मी पत्रा काढायची नाही, ताई."

"मुळीच काढू नका. भिंत होईपर्यंत नाही."

भिंतीचं चित्र तिने पिशवीतून काढून गुडघ्यावर पसरलं, पेन पुढे केलं, आणि दोघांच्या सह्या होईपर्यंत कोणालाही गाडीकडे जाऊ दिलं नाही.